आजोबांची वही आणि हिमायतसागरचे मासे

आमच्या घरी शुक्रवारी मटण नसतं, मासे असतात. पण हैदराबादेला समुद्र नाही, त्यामुळे वसईहून इथे आलेल्या माझ्या आजोबांची पहिली वर्षं फार वाईट गेली, असं आजी सांगते. पापलेट मिळालंच तर बर्फातलं. "गोड्या पाण्यातला मासा म्हणजे नुसता चिखल," असं ते म्हणायचे. मग सिकंदराबादला रेल्वेत त्यांच्याबरोबर काम करणारे भीमेकाठचे एक काका त्यांना एका रविवारी, मिस्सा झाल्यावर, हिमायतसागरवर घेऊन गेले. हातात गळ दिला. त्या दिवसापासून आजोबांची चिखलाबद्दलची तक्रार बंद झाली.

गेल्या नाताळच्या साफसफाईत मला त्यांची वही सापडली. तारीख, आमिष, मासा, बस एवढंच लिहिलेलं. सुरुवातीच्या पानांवर नावं आहेत: शिंगटी, मरळ, घोगरा, वाम, रोहू, कटला. शेवटच्या पानांवर एकाखाली एक फक्त चिलापी, चिलापी, चिलापी. आता एका माणसाच्या वहीवरून अख्ख्या तलावाचा हिशेब मांडता येत नाही, हे मलाही कळतं. पण असं का झालं असेल, हा प्रश्न डोक्यातून जाईना. त्याचं जे उत्तर मला समजलं, ते इथे सांगते.

आधी तलावाबद्दल. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीला महापूर आला आणि शहर उद्ध्वस्त झालं. पुन्हा तसं होऊ नये म्हणून विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने वरच्या अंगाला दोन धरणं झाली: मुसीवर उस्मानसागर, म्हणजे आपलं गंडीपेट (१९२०), आणि तिची उपनदी इसी हिच्यावर हिमायतसागर (१९२७). पूर अडला, शहराला प्यायला पाणी मिळालं. मुसी पुढे कृष्णेला मिळते. पुण्या-पंढरपूरची भीमाही कृष्णेलाच मिळते. म्हणजे भीमेचे आणि मुसीचे मासे हे एकाच घराण्यातले! भीमेकाठच्या काकांना इथले मासे नावानिशी ओळखता आले, ते उगाच नाही.

आणि ही नावं फक्त काकांची नाहीत. १८२० च्या दशकात कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी दख्खनभर फिरून सरकारसाठी माहिती गोळा करत होता. त्याने इथल्या नद्यांतल्या माशांची नोंद केली आणि १८३९ मध्ये त्यांना शास्त्रीय नावं दिली. पण नवीन लॅटिन शब्द शोधण्याऐवजी त्याने बऱ्याच ठिकाणी कोळ्यांच्या तोंडचा मराठी शब्दच उचलला. म्हणून आजही शास्त्रात शिंगटी 'मिस्टस सींगटी' आहे, घोगरा 'रिटा गोगरा' आहे, नुकटा 'शिस्मॅटोऱ्हिंकस नुक्ता' आहे. जपानमधल्या किंवा ब्राझीलमधल्या संशोधकालाही या माशांबद्दल लिहिताना आपल्या नदीकाठचा शब्द लिहावा लागतो. मला हे कळलं तेव्हा मी वही घेऊन स्वयंपाकघरात धावत गेले होते. आजीला त्यात विशेष काही वाटलं नाही. "मग दुसरं काय म्हणणार शिंगटीला?" एवढंच ती म्हणाली.

आता तलावात मासे कमी झाले का? हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. संख्या आणि प्रकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बाजारात आपण सर्रास घेतो ते रोहू, कटला आणि मृगळ हे मुळात उत्तरेकडच्या, गंगेच्या खोऱ्यातले. ते पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साठलेल्या तळ्यात सहसा घालत नाहीत. १९५७ मध्ये ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी या माशांना पियुष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन हौदात अंडी घालायला लावली, आणि देशभरातल्या तळ्यांना पुरेल एवढं मत्स्यबीज तयार होऊ लागलं. तेलंगणात २०१६-१७ पासून सरकार हे बीज मच्छीमार सोसायट्यांच्या तळ्यांत फुकट सोडतं. म्हणजे रोहू-कटल्याची संख्या बीज किती सोडलं यावर ठरते. ते शेतातल्या पिकासारखे आहेत: पेरले तर उगवतील.

मरळ, शिंगटी, घोगरा, वाम यांचं तसं नाही. त्यांना सहसा कोणी सोडत नाही. तलावातच जोडी जमवायची, तिथेच पिल्लं वाढवायची. त्यासाठी काठाला गवत लागतं, दगडांच्या कपारी लागतात, पावसाळ्यात ओढ्याने वर जायला वाट लागते. धरणाने नदीची वाट अडली, काठावर भिंती आणि बांधकामं आली, की हे मासे मुकाट्याने कमी होतात. ते कोणी सोडलेले नसतात, म्हणून कोणी मोजतही नाही.

त्यात चिलापीची भर. तिलापिया मूळ आफ्रिकेचा. १९५२ मध्ये भारतात आणला. त्याची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे ती फारशी खाल्ली जात नाहीत. शिवाय वर्षातून अनेकदा वीण. घाण पाणी चालतं, जे मिळेल ते खातो. गालीलच्या सरोवरातल्या त्याच्या भाऊबंदाला 'सेंट पीटरचा मासा' म्हणतात, म्हणून आजोबा चिलापी मिळाला की "पेत्राचा आशीर्वाद" म्हणत हसायचे. पण जिथे तो शिरतो, तिथे काठाची जागा आणि खाणं तोच बळकावतो.

तिसरं कारण पाण्यातल्या हवेचं. सांडपाणी तलावात आलं की शेवाळं आणि जलपर्णी माजते. दिवसा शेवाळं प्राणवायू सोडतं, पण रात्री स्वतःच तो वापरतं. म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. अशा वेळी मासे वर येऊन तोंडं उघडतात. हवा अगदीच संपली तर मरतात, आणि बहुधा मोठे आधी. शहराच्या आसपासच्या तळ्यांत मेलेल्या माशांचा खच पडल्याचे फोटो आपण पेपरात पाहतो, त्यामागे बरेचदा हे असतं. मरळ मात्र वरची हवा घेऊ शकतो, म्हणून तो तगतो. या दोन तलावांभोवती १० किलोमीटरच्या परिसरात बांधकामं आणि कारखाने रोखणारा सरकारी आदेश, १११ क्रमांकाचा, १९९६ मध्ये निघाला, तो पाणी स्वच्छ राहावं म्हणूनच. २०२२ मध्ये ती बंधनं उठवण्याचा आदेश निघाला, आणि त्यावरून वादही झाला. आपण तो वाद जमिनीच्या भावाचा समजतो. तो शिंगटीचाही आहे.

मग आता गळ टाकायला जावं का? जरूर जावं, पण थोडं समजून.

पहिलं म्हणजे काठावर गेल्यावर विचारावं. मासेमारीचे हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायट्यांकडे असतात, आणि ते लोक पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगलेत. आपण हौशी. हुसेनसागरचं पाणी पाहता तिथला मासा मी तरी खाणार नाही.

कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. त्याप्रमाणे बूच वर-खाली बांधावं. कणकेच्या गोळीला थोडं शेंगदाण्याचं कूट लावलं तर तिन्ही येतात. शिंगटीला गांडूळ आणि तिन्हीसांजेची वेळ. तिला गळावरून काढताना कल्ल्यामागचे काटे सांभाळा, टोचले तर ठणका रात्रभर जात नाही.

आणि मरळ. तेलुगूत कोर्रमीनू, तेलंगणाचा राज्यमासा. मृगाला इथल्या बाजारात त्याच्यासाठी रांगा लागतात. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा झुबका फिरताना दिसला तर खाली आई-बाप राखण करत असतात. ते चिडून काहीही पकडतात, म्हणून तिथे गळ टाकणं सगळ्यात सोपं. पण तो मासा उचलला की सगळी पिल्लं दुसऱ्यांच्या पोटात जातात. वहीत अशा एका दिवसापुढे आजोबांनी लिहिलंय: "मरळ, पिल्लांसकट दिसला. सोडला." आजीला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी घरी डाळ शिजली असणार, असं तिचं म्हणणं.

जानेवारीत मी आणि पप्पा हिमायतसागरवर गेलो. चार तासांत तीन चिलापी आणि अंधार पडता पडता एक शिंगटी, बोटभर लांबीची. शेजारी जाळं आवरणाऱ्या काकांनी तिला 'जेल्ल' म्हटलं आणि पूर्वी टोपलीभर मिळायच्या असं सांगितलं. तिला परत पाण्यात सोडलं. वहीच्या पुढच्या कोऱ्या पानावर मी तारीख घातली आणि लिहिलं: चिलापी ३, शिंगटी १ (जेल्ल), सोडली.

तुमच्या घरी कोणाला तळ्यातल्या, ओढ्यातल्या माशांची जुनी नावं येत असतील, मराठी, तेलुगू, दखनी, कुठलीही, तर ती विचारून मंडळाकडे पाठवा. मासा कुठे पाहिला आणि साधारण कधी, तेवढंही लिहा. वहीत अजून बरीच पानं कोरी आहेत.