वैमानिक निवड चाचणी : संधी एकदाच, म्हणून तयारी आधी



शिक्षणासाठी खारघर-पनवेल भागात राहणारी आपल्या सभासदांची मुले-मुली आता थोडीथोडकी नाहीत. त्या भागाला लागूनच असलेल्या नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून विमानांची ये-जा सुरू झाली आहे. डोक्यावरून रोज विमान जाऊ लागले की पोरांच्या मनात हवाई दलाचा विचार येणारच, आणि तो चांगलाच आहे. मग घरी फोन येतो, “क्लास लावायचाय, पैसे पाठवा.” उसाचा हप्ता त्यात घालावा की नाही, हा प्रश्न बापापुढे उभा राहतो. म्हणून या परीक्षेची माहिती या अंकी देत आहोत.

वैमानिक होण्यासाठी दोन मुख्य वाटा आहेत. पहिली, बारावीच्या वेळी द्यावयाची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे खडकवासल्याची परीक्षा. लोकसेवा आयोग ती वर्षातून दोनदा घेतो. गणित 300 आणि सामान्य क्षमता 600 असे 900 गुण असतात. हवाई दलासाठी बारावीला गणित व भौतिकशास्त्र हवेच. दुसरी वाट पदवीनंतरची, ‘ॲफकॅट’ची. मुलींना प्रबोधिनीत 2022 पासून प्रवेश मिळाला व मे 2025 मध्ये 17 मुलींची पहिली तुकडी तेथून बाहेर पडली. तेव्हा हा लेख मुलांपुरताच आहे असे कोणी समजू नये.

लेखी परीक्षा पास झाली की निवड मंडळापुढे मुलाखत व इतर चाचण्या होतात. हवाई दलाची अशी मंडळे डेहराडून, म्हैसूर, वाराणसी, गांधीनगर वगैरे ठिकाणी आहेत. तेथे शिफारस झालेल्या आणि वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या उमेदवाराची विमान चालविण्याची उपजत पात्रता तपासतात. पूर्वी हिला ‘पायलट ॲप्टिट्यूड बॅटरी टेस्ट’ म्हणत. आता तिच्या जागी संगणकावरची चाचणी आली असून तिला सी. पी. एस. एस. म्हणतात. ती आपल्याच देशाच्या संरक्षण संशोधन संस्थेने तयार केली आहे.

यातली खरी मेख अशी की, ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. प्रबोधिनीच्या वेळी नापास झालेला उमेदवार पुढे पदवीनंतर ‘ॲफकॅट’मधून आला तरी त्याला वैमानिक शाखा मिळत नाही. दहावी-बारावीसारखी पुरवणी परीक्षेची संधी इथे नाही. म्हणून “सहज बघून येतो” म्हणत जाणे नुकसानीचे आहे.

चाचणीत काय असते? एक भाग उपकरणे वाचण्याचा. विमानातील उंचीमापक, वेगमापक, होकायंत्र, क्षितिजदर्शक अशा तबकड्यांवरून विमान चढते आहे की उतरते आहे, कोणत्या दिशेला वळते आहे, हे झटपट सांगायचे. उदाहरणार्थ, क्षितिजदर्शकात नाक क्षितिजाच्या वर आणि डावा पंख खाली दिसला, तर विमान डावीकडे वळत वर चढते आहे. उंचीमापकाचा लहान काटा हजार फूट दाखवतो, मोठा शंभर फूट. वेग नॉटमध्ये असतो. एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर. एवढे आधी घरी पक्के केले, तर ऐनवेळी गडबड होत नाही.

दुसरा भाग हातापायांचा. जुन्या चाचणीत पडद्यावरचा ठिपका पायाच्या पेडलने डावी-उजवीकडे व हाताच्या दांड्याने वर-खाली करीत मध्यभागी ठेवावा लागे. मध्येच दिवा लागे, भोंगा वाजे, तोही बंद करायचा. नव्या पद्धतीतही दांडा, पेडल आणि एकाच वेळी अनेक गोष्टींकडे लक्ष, हेच तपासतात. सोबत आठवण, अंदाज आणि माहिती हाताळण्याची क्षमता पाहतात.

आपल्याला हे नवे वाटायला नको. सरी सोडताना जो बैलाच्या शेपटीकडे बघतो त्याची सरी वाकडी जाते. नजर लांब बांधावर ठेवून हात हलकेच वळवणाऱ्याची सरळ येते. इथेही तसेच. ठिपका थोडा सरकला की थोडेच सावरायचे, हिसका द्यायचा नाही. हिसका दिला की तो पलीकडे जातो, मग त्याच्यामागे धावताना भोंग्याकडे लक्ष राहत नाही.

घरी तयारी कशी करावी? संगणकाला साधा जॉयस्टिक लावून रोज अर्धा तास सराव पुरे. दांडा पुढे केला की नाक खाली, मागे ओढला की नाक वर, हे हातात बसले पाहिजे. सायकल, खेळ, पोहणे यांनीही हात-डोळ्यांचा मेळ सुधारतो. परीक्षेआधी झोप पुरी घ्यावी आणि सुरुवातीच्या सूचना कान देऊन ऐकाव्यात. समजले नसेल तर तेथेच विचारावे, लाजू नये.

क्लास लावण्याआधी मात्र एक काम करावे. मुलाची उंची मोजावी आणि चांगल्या नेत्रतज्ज्ञाकडून डोळे व रंगओळख तपासून घ्यावी. वैमानिकासाठी किमान उंची 162.5 सेंटिमीटर लागते. पायाच्या व बसलेल्या उंचीच्याही मर्यादा आहेत. रंगांधळेपणा असेल तर ही वाट बंद आहे, आणि कितीही फी भरली तरी ती उघडत नाही. हे आधी कळले तर पैसेही वाचतील आणि पोराचा जीवही दुखणार नाही. “शंभर टक्के पास करून देतो” असे कोणी म्हणाले तर सावध राहावे.

स्वस्त व चांगली वाट म्हणजे शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था. मुलांसाठी ती छत्रपती संभाजीनगर येथे 1977 पासून, तर मुलींसाठी नाशिक येथे आहे. दहावीच्या वर्षीच तिच्या प्रवेशपरीक्षेची चौकशी करावी. साताऱ्याची सैनिक शाळा 1961 पासून आहे. तेथे शिकलेले प्रदीप नाईक 2009 ते 2011 या काळात हवाई दलप्रमुख होते. त्यांच्यानंतर 2021 ते 2024 या काळात ते पद भूषविणारे विवेक राम चौधरी नांदेड जिल्ह्याचे. आपल्या मातीतली मुले तिथवर पोहोचतात, हे यावरून दिसते.

आणि ही चाचणी नाही निघाली तरी सगळे संपत नाही. हवाई दलाच्या जमिनीवरील शाखा, भूदल, नौदल यांचे दरवाजे उघडे राहतात. हे मुलाला जाण्याआधीच सांगावे. पोराच्या मनावर ओझे कमी असेल तर हातही कमी थरथरतो. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज भरताना त्या वर्षीची अधिकृत जाहिरात वाचूनच पुढे जावे, ही सर्व सभासदांना विनंती.