हलता दांडा

स्वयंपाकघरातील जी दुरुस्ती सर्वांत अधिक काळ लांबणीवर पडते ती हलणाऱ्या दांड्याची होय. कारण गळके पातेले आपली कैफियत पहिल्याच दिवशी चुलीवर मांडते, परंतु दांडा सैल झालेली कढई पूर्वीसारखीच तापते, पूर्वीसारखेच तळण तळते, आणि तिला उचलणारा हात नकळत तिच्या डुगडुगण्याला सरावून जातो. तथापि पुऱ्या तळावयाचे तेल सुमारे १८० अंश सेल्सिअस इतके तप्त असते, आणि ते भरलेले भांडे उचलताना त्याचा सारा भार दोन इवल्याशा रिबिटांच्या हवाली असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे क्षुल्लक वाटणाऱ्या या दोषात केवढी जोखीम दडलेली आहे ते उघड होते.

आपल्याकडील जुन्या भांड्यांना लांब दांडे क्वचितच असत. पितळी पातेले सांडशीने उतरवावे आणि कढईला तांबटाने ठोकून बसवलेले दोन कान असावेत, असाच शिरस्ता होता. पुण्यात कसबा पेठेच्या तांबट आळीत धातूवर धातू ठोकण्याचा तो नाद आजही ऐकू येतो. लांब दांडा घरोघर रूढ झाला तो अ‍ॅल्युमिनियम व स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांबरोबर. आणि त्याला काळी, हाताला न भाजणारी मूठ मिळाली ती बेकेलाइटमुळे. मूळचे बेल्जियमचे व पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलंड यांनी १९०७ साली फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांच्या संयोगातून सिद्ध केलेला हा पदार्थ एकदा घट्ट झाला की पुन्हा वितळत नाही. मात्र तो करपतो. गॅसची ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर येऊन दांड्याच्या मुळाशी चाटू लागली म्हणजे बेकेलाइट हळूहळू ठिसूळ होते, त्यातील स्क्रूचे भोक मोठे होते, धुताना आत शिरलेल्या पाण्याने स्क्रू गंजतो, आणि मग कितीही पिळले तरी दांडा जागेवर येत नाही.

सैल होण्याचे मूळ कारण याहून खोल आहे. पंचवीस सेंटीमीटर रुंदीचे अ‍ॅल्युमिनियमचे भांडे दीडशे अंशांनी तापले म्हणजे पाऊण मिलिमीटरहून अधिक फुगते. तेवढेच पोलादी भांडे त्याहून कमी फुगते, आणि बेकेलाइटचे प्रसरण या दोहोंहून निराळे. अशा भिन्न प्रकृतीच्या वस्तू एका सांध्यात बांधल्या गेल्या की प्रत्येक स्वयंपाकाला त्या एकमेकींवर किंचित घासतात आणि निवल्यावर परत फिरतात. त्यात, भरलेले भांडे एका हाताने उचलले की तरफेच्या नियमाने रिबिटांवर येणारी ओढ भांड्याच्या वजनाच्या कित्येक पट होते. वर्षानुवर्षांच्या या घर्षणाने आणि ओढीने सांध्यात केसाएवढी फट पडते, आणि ती फट हाच हलण्याचा आरंभ होय.

फट बुजवून मूठ पक्की करण्याची विद्या आपल्या कारागिरांना अर्थातच ठाऊक होती. सुरीचे शेपूट तापवून ते लाख भरलेल्या मुठीत दाबून बसवण्याची रीत जुनी आहे, आणि सोनार पोकळ दागिन्याला लाखेचाच आधार देत आला आहे. परंतु लाख सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपासच मऊ पडते, आणि लाक्षागृहाची कथा जाणणाऱ्या समाजाला तिचे अग्नीशी असलेले नाते निराळे सांगावयास नको. सुरीला ती पुरते, कढईला पुरत नाही.

आज त्याच भावनेने लोक घरातली दोन नळ्यांची इपॉक्सी उचलतात. ही द्रव्ये दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास उदयास आली. स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीने १९४६ साली त्यांतील एक चिकटद्रव्य लोकांपुढे मांडले, आणि पुढे अ‍ॅराल्डाइट हे नाव आपल्याकडे घरगुती झाले. त्यांची मजबुती निःसंशय थोर आहे, पण ती थंड असतानाची! सामान्य तापमानात घट्ट झालेली साधी इपॉक्सी साठ अंशांच्या आसपास कडकपणा सोडू लागते, आणि झटपट चिकटवणाऱ्या थेंबांची मजल बहुधा ऐंशी अंशांपुढे जात नाही. म्हणून वेष्टनावर द्रव्य भार किती पेलते हे लिहिलेले असेल तर ते बाजूस ठेवून, तापमान किती सोसते हे आधी वाचावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

उष्णता सोसणारी द्रव्ये मुख्यतः तीन जातींची आहेत. धातूची पूड मिसळलेली विशेष इपॉक्सी बऱ्याच उच्च तापमानापर्यंत टिकते व कठीण राहते. सिलिकोन दोनशे ते अडीचशे अंश सोसते, रबरासारखे लवचिक राहते, पण ओढीला दुबळे असते. ते हवेतील बाष्पाने घट्ट होते आणि त्याच्या एका सर्वपरिचित जातीला त्या काळात व्हिनेगरचा उग्र वास येतो. तिसरी जात सोडियम सिलिकेटवर आधारलेल्या, मातीसारख्या लुकणाची; ते हजार अंशांनाही दाद देत नाही, म्हणून त्याची मोहिनी पडते. परंतु दांड्यासाठी मी ते कधीही निवडणार नाही; कारण ज्या सांध्याचा स्वभावच रोज फुगण्याचा व आक्रसण्याचा आहे, तेथे काचेसारखे ठिसूळ लुकण चार दिवसांत तडकून भुगा होऊन पडते. भट्टीच्या विटांना जे भूषण, ते येथे दूषण ठरते.

आणि कोणतेही द्रव्य घेतले तरी त्याच्यावर भार टाकू नये, हा या विषयाचा गाभा आहे. भार रिबिटाने वा स्क्रूने घ्यावा. चिकटद्रव्याने पोकळी भरावी, कंप थांबवावा, पाणी आत शिरू देऊ नये. रिबिट सैल असेल तर प्रथम त्याचे आतले डोके जड लोखंडावर टेकवून बाहेरच्या डोक्यावर हातोडीचे हलके, कडेकडेने फिरणारे ठोके द्यावेत. पुष्कळदा दुरुस्ती तेथेच संपते. झाकणाची मूठ, किंवा दांड्याच्या पोकळीत शिरणारी लोखंडी पट्टी, अशा ठिकाणी मात्र चिकटद्रव्य आपले खरे काम दाखवते.

त्यासाठी दांडा पूर्ण सोडवून जुन्या तेलाचा पिवळट, वार्निशासारखा थर काढून टाकावा लागतो. येथे धुण्याचा सोडा वापरण्याचा मोह होतो. स्टीलला तो चालेल, पण अ‍ॅल्युमिनियमला खातो व काळे पाडतो, म्हणून तेथे साबण व कोमट पाणीच बरे. नंतर दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरबरीत करून स्पिरिटने पुसावेत आणि बोट न लावता लगेच द्रव्य भरावे, कारण घासलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा नवा पापुद्रा धरावयास विलंब लागत नाही. इपॉक्सीचे दोन भाग सांगितलेल्या प्रमाणातच घोटावेत, सांधा सुतळीने आवळून अहोरात्र हलवू नये, आणि त्यानंतर काही तास तो कडक उन्हात ठेवावा. या सौम्य उष्णतेने इपॉक्सीची उष्णता सोसण्याची शक्ती वाढते. भांड्याच्या आतील बाजूस, जेथे अन्न लागते तेथे, यांपैकी काहीही लावू नये.

प्रेशर कुकरला मात्र ही मुभा नाही. त्यात दाब वातावरणाहून चौरस सेंटीमीटरमागे सुमारे एक किलोने अधिक असतो, पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते, आणि भांडे व झाकण परस्परांत अडकवून धरण्याच्या योजनेत दांड्यांचा वाटा असतो. तेथे त्याच नमुन्याचा अस्सल दांडा व स्क्रू आणून बसवावा.

दुरुस्त केलेले भांडे प्रथम थंड पाण्याने काठोकाठ भरून मोरीवर उचलून धरावे, डावीउजवीकडे कलवून पाहावे, आणि आठवडाभर त्यात तळण न करता नुसते पाणी तापवून हीच परीक्षा पुन्हा घ्यावी. किंचितही हालचाल जाणवली तर चिकटद्रव्याचा दुसरा थर देण्याच्या भरीस न पडता, भांड्यांच्या दुकानात जेथे जुने रिबिट छाटून नवे ठोकून देतात तेथे ते न्यावे.