पायातला भोवरा

एक कोडं घालू? भोवरा आहे, पण गरगरत नाही. त्याला आर आहे, पण ती जमिनीत नाही, पायातच रुतते! ओळखा पाहू!

नाही आलं? मग चला आषाढी वारीत यवतला. तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातून जाते: यवत, वरवंड, पाटस आणि मग रोटी घाट. यवतला पिठलं-भाकरी खाऊन वारकरी पाय चोळत बसतात. देहू ते पंढरपूर साधारण २५० किलोमीटर. एक पाऊल अर्ध्या मीटरचं धरलं, तर झाली की ५ लाख पावलं! एखादे आजोबा तळवा दाखवत म्हणतात, "कुरूप झालंय रे पोरा." अहो, पाय तर छान दिसतोय! पण कुरूप हे त्या दुखण्याचंच नाव. दुसरं नाव भोवरी. हेच कोड्याचं उत्तर.

भोवरी होते कशी? चप्पल एकाच जागी घासत, दाबत राहिली की कातडीला वाटतं, 'इथे धोका आहे, ढाल हवी!' मग ती केराटिनचे थरावर थर चढवते. आपली नखंही केराटिनचीच. ढाल पसरट झाली तर तो घट्टा. तो सहसा दुखत नाही. पण दाब एका टिकलीएवढ्या जागेवर आला, तर थर आत निमुळते होतात. वर भोवऱ्याचं डोकं, आत आर! पाऊल टाकलं की ती आर आतल्या नसांना टोचते.

पेन्सिलीची बोथट बाजू तळहातावर टेकवा. आता तेवढ्याच जोराने टोक, पण हळूच हं! जोर तोच, जागा लहान, म्हणून टोचतं.

शिरूरच्या माळावर अनवाणी हुंदडताना बाभळीचा काटा मोडून आत राहिला, तर त्याच्याभोवतीही कातडी जाड होते. म्हणून आधी काटा नाही ना, ते पाहायचं. चामखीळही अशीच फसवते. पण ती विषाणूमुळे होते आणि तिच्यात काळे ठिपके दिसतात.

उपाय? पाय १०-१५ मिनिटं कोमट पाण्यात बुडवायचे आणि वज्रीने हलकेच घासायचे. दुकानातल्या कॉर्न कॅपमध्ये सॅलिसिलिक आम्ल असतं; ते केराटिन मऊ करतं. पण ते आसपासची चांगली कातडीही भाजतं, म्हणून ही कॅप डॉक्टरांना विचारूनच लावायची. ब्लेडने कापणं मात्र कधीच नाही! आजी-आजोबांना मधुमेह असेल, तर घरगुती खटाटोप नको, थेट दवाखाना. त्यांच्या पायाला कधीकधी जखम झालेली कळतच नाही.

एवढं करूनही घासणारी चप्पल तीच राहिली, तर भोवरी परत हजर! कातडी बिचारी पुन्हा ढाल बांधायला बसते. म्हणून नवे बूट संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. आणि जूनमध्ये गणवेश आखूड झाला का बघता ना, तसा बुटात अंगठा दुमडतोय का तेही बघा. नाहीतर एक भोवरा पायात, आणि दुसरा फिरवायला अंगणात जायचं ते लंगडत!