जागा बदलते, नजर मागे राहते

पावसाळ्यात वसई-विरारकडच्या शाळांत फुटबॉलला जोर येतो. बचावफळीत माणूस कमी पडतो आणि शिक्षक आघाडीच्या एखाद्या मुलाला सांगतात, ‘आज तू मागे खेळ.’ कालपर्यंत गोल करणारा हा मुलगा गोंधळतो. चेंडू निघून गेल्यावर वळतो. ‘लक्ष नाही’ असा शेरा मिळतो आणि काही सामन्यांनंतर तो मैदानावर येईनासा होतो.

त्याच्या पायांतले कसब एका रात्रीत कुठे गेले? ते जागेवरच असते. अडचण नजरेची आहे. आघाडीचा खेळाडू बहुधा एक-दोन बचावपटूंवर डोळा ठेवतो. बचावपटूला समोरचा चेंडू आणि पाठीमागून निसटणारा माणूस, दोन्ही पाहावे लागतात. १६ मीटरवरून सेकंदाला २० मीटर वेगाने आलेला चेंडू ०.८ सेकंदात पोहोचतो. ठरलेल्या एकाच खुणेला प्रतिसाद द्यायला सुमारे ०.२ सेकंद पुरतात. पर्याय वाढले की वेळ वाढतो. पर्यायांची संख्या दुप्पट झाली, की दर वेळी साधारण सारखीच भर पडते, हे हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९५२ साली दाखवले. मुरलेला खेळाडू यातले बरेच पर्याय आधीच बाद करून ठेवतो. नव्या जागी ही सोय नसते.

कॅनडातील फ्रान अलार्ड आणि सहकाऱ्यांनी १९८० साली बास्केटबॉलपटूंना खेळाची छायाचित्रे काही सेकंद दाखवून खेळाडूंच्या जागा आठवायला सांगितल्या. रचलेल्या चढाईचे चित्र असेल, तर ते न खेळणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. विस्कळीत क्षणाच्या चित्रात ही आघाडी उरली नाही. म्हणजे त्यांची स्मरणशक्ती असामान्य नव्हती, ओळखीच्या आकृत्या मनात साठलेल्या होत्या. माझ्या मते या आकृत्या ज्या जागेवरून पाहिल्या, त्या जागेशीही बांधलेल्या असतात.

मुंबईचा राहुल भेके उजव्या बगलेला खेळला आहे, तसाच बचावाच्या मध्यभागीही. बगलेला एका बाजूस सीमारेषा असते, तिकडून कोणी येत नाही. मध्यभागी दोन्हीकडून धोका. (२०१९ च्या इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात बेंगळुरूचा विजयी गोल मात्र याच बचावपटूने जादा वेळेत डोक्याने मारला!)

प्रशिक्षक होणे ही आणखी अवघड बदली. गोव्याचे बचावपटू डेरिक परेरा प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या हाताखाली महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. पण सर्वांनाच हे जमत नाही. सायकलवर तोल कसा सावरतो, हे चालवणाऱ्याला सांगता येत नाही. तसे खेळाडूचे पुष्कळसे ज्ञान शब्दांत नसते. प्रशिक्षकाला ते शब्दांत आणावे लागते, तेही बाहेर उभे राहून.

मग मुलांना बदल कसा शिकवावा? शी आणि मॉर्गन यांच्या १९७९ च्या प्रयोगात हाताच्या हालचाली आलटूनपालटून शिकणारे सरावात मागे पडले, पण नंतरच्या चाचणीत एकेक हालचाल घोटणाऱ्यांच्या पुढे गेले. तेव्हा सरावातच दर दहा मिनिटांनी जागा बदलून पाहावी. सुरुवातीला खेळ बिघडलेला दिसेल, त्यावरून मुलाची परीक्षा करू नये.

अलार्ड यांचा प्रयोग वर्गातही करता येतो. फळ्यावर बास्केटबॉलचे अर्धे मैदान आणि दहा ठिपके काढा, एकदा खऱ्या चढाईप्रमाणे, एकदा कसेही. पाच सेकंदांनी झाका. खेळणाऱ्या आणि न खेळणाऱ्या मुलांनी वहीत काढलेले ठिपके ताडून पाहा.