गाडीखाली थेंब नाही, तरी कूलंट कमी होतंय? गळती अशी शोधा

गोव्याहून चोर्ला घाट चढून बेळगावकडे येताना बऱ्याच गाड्यांचा टेंपरेचरचा काटा वर सरकतो. बाटलीभर पाणी ओतून वेळ मारून नेली जाते. पण कूलंट वारंवार कमी होत असेल, तर जमिनीवर थेंब दिसला नाही तरी गळती कुठेतरी आहेच.

इंजिन तापलं की कूलंटवर दाब येतो. बारीक चीर तेव्हाच उघडते आणि बाहेर आलेलं कूलंट गरम इंजिनावर वाळून जातं. म्हणून इंजिन थंड असताना होज पाईपांचे जोड, रेडिएटरच्या कडा आणि वॉटर पंपाखाली हिरवट, गुलाबी किंवा पांढरट डाग शोधा. रेडिएटरच्या झाकणाचं रबरही बघा. ते गेलं की दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळतं.

गाडीत गोडसर वास, काचेवर चिकट वाफ, पायाखालची मॅट ओली? मग हीटरचा छोटा रेडिएटर गळत असणार. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल किंवा ऑईल दुधाळ झालं असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या आणि गाडी चालवू नका. एसीचं टपकणारं स्वच्छ पाणी मात्र गळती नव्हे.

तरीही सापडेना, तर गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करून घ्या. थंड इंजिनात हातपंपाने दाब भरतात. काटा उतरत गेला की गळती पक्की. आधी टेस्ट, मगच पार्ट बदला.

वाटेत गाडी तापली तर बाजूला घेऊन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका; उकळतं कूलंट अंगावर उसळतं.