पात्र ठरला, पण जाणार कोण?

‘ऑलिंपिकसाठी पात्र’ अशी बातमी आली की त्या खेळाडूचं जाणं पक्कं झालं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात अनेक खेळांत पात्रतेची जागा मिळते ती देशाला. त्या जागेवर कुणाला पाठवायचं, हे देशातली संघटना आणि ऑलिंपिक समिती ठरवते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसळे याने 2022 मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत चौथा येऊन भारतासाठी जागा मिळवली, तरी 2024 च्या निवड चाचण्या त्याला चुकल्या नाहीत. त्या चाचण्यांतून तो पॅरिसला गेला आणि ब्राँझ घेऊन आला. त्याच प्रकारात देशाला जागा मिळवून देणारा अखिल शेरॉन मात्र मायदेशीच राहिला. फिगर स्केटिंगमध्येही असंच आहे. 2026 च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी महिला आणि पुरुष एकेरीत प्रत्येकी 29 जागा होत्या. त्यांतल्या 24 आदल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेतून आणि उरलेल्या 5 नंतरच्या पात्रता स्पर्धेतून भरायच्या, आणि एका देशाला जास्तीत जास्त 3. शिवाय आंतरराष्ट्रीय महासंघाने ठरवलेले किमान तांत्रिक गुण प्रत्येक स्केटरकडे असावेच लागतात.

राष्ट्रीय स्पर्धेत वरचा क्रमांक मिळाला की निवड आपोआप होते, हाही असाच एक समज. 2014 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय फिगर स्केटिंग स्पर्धेत मिराई नागासू तिसरी आली आणि अॅशली वॅगनर चौथी. महिलांसाठी जागा तीन होत्या, तरी आधीची आंतरराष्ट्रीय कामगिरी पाहून वॅगनरला पाठवलं. नियमांत तशी मुभा होती. चार वर्षांनी नागासू प्योंगचांगला गेली आणि ऑलिंपिकमध्ये ट्रिपल अॅक्सल यशस्वी करणारी पहिली अमेरिकन महिला ठरली. कराड-मलकापूरच्या वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. मलकापूरच्या शेजारच्याच गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये मद्रासच्या राष्ट्रीय कुस्ती स्पर्धेतल्या निकालाविरुद्ध पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी पुन्हा कुस्ती लावली, खाशाबांनी ती जिंकली, आणि मगच हेलसिंकीचा रस्ता मोकळा झाला.

पण ज्या समजाने सर्वाधिक नुकसान होतं तो वेगळाच आहे: राष्ट्रीय निकष जितका कडक, तितकी पदकं जास्त. नेदरलँड्सची ऑलिंपिक समिती जगातल्या पहिल्या आठांत येण्याची वाजवी शक्यता दिसली तरच पाठवायचं, अशा धोरणासाठी ओळखली जाते. म्हणजे जागतिक चाळणीतून पार झालेल्यालाही घरची दुसरी, जास्त बारीक चाळणी. हा निकष 1948 च्या खाशाबांना लावून पाहा. लाल मातीत घडलेला तरुण पैलवान, मॅटचा सराव जवळजवळ नाही, आंतरराष्ट्रीय नियम नवे. लंडनला जाण्याआधी तो पहिल्या आठांत येईल, असं कोणत्या कागदावरून सिद्ध करता आलं असतं? कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला, खाशाबा गेले आणि फ्लायवेटमध्ये सहावे आले. मॅटवरची कुस्ती कशी असते, पकडी कशा बसतात, गुण कसे मोजतात, हे त्या दौऱ्यात कळलं. हेलसिंकीच्या बँटमवेटमधल्या ब्राँझची तयारी तिथूनच सुरू झाली, असं माझं ठाम मत आहे.

यावर कुणी म्हणेल, स्वप्नीलने पहिल्याच ऑलिंपिकमध्ये पदक मिळवलं, मग आधी अनुभव हवाच कशाला? पण नेमबाजांना दरवर्षी विश्वचषक, आशियाई आणि जागतिक स्पर्धा मिळतात. ऑलिंपिकला पोचेपर्यंत स्वप्नील अशा कित्येक स्पर्धा खेळला होता. ज्या देशात बर्फाच्या रिंकच मोजक्या आहेत, तिथल्या स्केटरला असा सराव कुठून मिळणार? भारताचा फिगर स्केटर आजवर एकदाही ऑलिंपिकमध्ये उतरलेला नाही. उद्या कुणी ते किमान गुण आणि ती जागा मिळवलीच, तर ‘पदकाची शक्यता दाखवा’ म्हणून तिला थांबवणं हा सरळ अन्याय होईल.

दुसरा आक्षेप पैशाचा. जनतेच्या पैशावर हौशी मंडळींनी फिरून का यावं? हा प्रश्न रास्तच आहे, आणि पथकाबरोबर जाणाऱ्या पदाधिकाऱ्यांबद्दल तो जरूर विचारावा. पण 29 जणींतली एक होणारी स्केटर हौशी नसते. हौशांना अडवायचं काम पात्रता स्पर्धांनी केलेलंच असतं. उलट राष्ट्रीय निकष आंधळेपणाने लावला की काय होतं, हे 2023 मध्ये दिसलं. आशियातल्या पहिल्या आठांत नसलेल्या संघांना हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेला पाठवायचं नाही, असा आपल्या क्रीडा मंत्रालयाचा नियम होता. फुटबॉल संघ त्यात अडकला, ओरड झाली, मंत्रालयाने नियम शिथिल केला आणि तो संघ बाद फेरीपर्यंत गेला. फुटबॉलच्या मागे ओरडणारे लाखो होते. एकट्या स्केटरच्या मागे कोण उभं राहणार?

म्हणून माझा आग्रह निकष काढून टाकण्याचा नाही. आंतरराष्ट्रीय पात्रता हीच पुरेशी मानावी, आणि एका जागेला दोन दावेदार असतील तेव्हाच देशाने निवड करावी. तिचे नियम मोसम सुरू होण्याआधी छापील स्वरूपात जाहीर करावेत आणि मध्येच बदलू नयेत. दाद मागण्यासाठी खाशाबांना महाराज गाठावे लागले. 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे. निवडीच्या तक्रारींचा निकाल त्याने प्रवेशिका पाठवायच्या तारखेच्या आत द्यायला हवा. त्यानंतर आलेला निकाल खेळाडूच्या काहीच कामाचा नसतो.