बाटलीत झगमगणारा निऑन नखावर फिका का पडतो? घरच्या घरी नेल आर्ट करताना हे जमवा

बेळगाव : गणपत गल्ली असो, खडेबाजार असो की निपाणीचा बाजार, सणासुदीच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात हल्ली एक रांग हमखास दिसते. पोपटी, भडक गुलाबी, केशरी आणि लिंबासारख्या पिवळ्या नेलपेंटच्या बाटल्यांची. मराठीत नख, कन्नडमध्ये उगुरु. खरं दुकानात मागताना दोन्हीकडच्या पोरी ‘निऑन नेलपेंट द्या’ एवढंच म्हणतात आणि दुकानदाराला ते बरोबर कळतं.

घोटाळा होतो घरी आल्यावर. बाटलीत डोळे दिपवणारा रंग नखावर लावला की खडूसारखा फिका आणि पट्ट्या-पट्ट्यांचा दिसतो. एक हात मारला, दुसरा मारला, तिसरा मारला. शेवटी नखावर जाड थर साचतो आणि दुसऱ्या दिवशी भांडी घासताना पापुद्र्यासारखा निघून येतो. मग दोष जातो बाटलीला. बहुतेक वेळा बाटलीचा काही दोष नसतो, चुकतं ते तळाशी.

या रंगात निऑन नावाचा वायू औषधालाही नसतो. त्या वायूच्या नळीच्या जुन्या झगमगत्या पाट्यांवरून नाव तेवढं आलं. बाटलीत असतात ती प्रतिदीप्त म्हणजे फ्लुरोसंट रंगद्रव्यं. साधा रंग अंगावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग शोषतो आणि उरलेला परत पाठवतो. फ्लुरोसंट रंग मात्र डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण आणि निळा प्रकाशही शोषून घेतो आणि ती ऊर्जा पिवळ्या, केशरी, गुलाबी प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकतो. म्हणून तो आजूबाजूच्या वस्तूंपेक्षा उजळ भासतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रॉबर्ट आणि जोसेफ स्विट्झर या भावांनी 1930 च्या दशकात असे रंग विकसित केले. हायलायटर पेन आणि हायवेवर काम करणाऱ्यांची भडक जॅकेटं, सगळी याच कुळातली.

मात्र ही रंगद्रव्यं बरीचशी पारदर्शक असतात. प्रकाश त्यांच्यातून आरपार जातो आणि खालचं नख जो रंग दाखवेल तो वर मिसळतो. नखाचा रंग गुलाबी-पिवळसर, त्यामुळे निऑन मळका वाटतो. खाली पांढरा थर असेल तर तोच प्रकाश उलटून परत रंगातून बाहेर येतो आणि नख उजळतं. तेव्हा निऑनच्या चार बाटल्या आणण्याआधी एक साधी पांढरी बाटली आणावी. अर्धं काम तिथंच होतं.

लावण्याची पद्धतही सोपी आहे, घाई तेवढी चालत नाही. नखांवर तेल किंवा क्रीम राहिलं तर रंग धरत नाही, म्हणून रिमूव्हरचा कापूस एकदा फिरवावा. मग पारदर्शक बेस कोट लावावा. भडक रंग नखात उतरून नखं पिवळी पडतात, ते त्यानं बरंच टळतं. त्यावर पांढऱ्याचे दोन पातळ हात, त्यावर निऑनचे दोन पातळ हात. प्रत्येक हातानंतर दोन-तीन मिनिटं थांबायचं. नखाच्या पुढच्या कडेवरूनही ब्रश फिरवायचा, कारण रंग उडायला सुरुवात तिथूनच होते. निऑन वाळल्यावर खरखरीत, चमक नसलेला दिसतो. घाबरायचं कारण नाही, शेवटचा टॉप कोट लागला की तो खुलतो.

बेळगावच्या पावसाळ्यात याला एक वेगळी अडचण येते. नेलपेंटमधला द्रव उडून जाताना नखावरचा थर थंड होतो. हवेत दमटपणा जास्त असला की त्यावर बाष्प धरतं आणि रंगावर धुरकट छटा येते. वाळावं म्हणून पंखा फुल्ल सोडला तर वरची साय आधी सुकते, खालचा ओला भाग अडकतो आणि बुडबुडे उठतात. पावसाळी दिवसात थर आणखी पातळ ठेवावेत, दोन हातांमधला वेळ वाढवावा आणि पंखा मंद ठेवावा. वरून सुकलेला रंग आत पूर्ण कडक व्हायला काही तास लागतात. रात्री लावून लगेच झोपलं तर सकाळी नखांवर चादरीची नक्षी उमटलेली असते!

नक्षीसाठी वेगळी हत्यारं विकत घ्यायची गरज नाही. ठिपक्यांची रांगोळी ज्यांच्या हातात आहे, त्यांना हे काम निम्मं येतंच. संपलेल्या बॉलपेनचं टोक मोठ्या ठिपक्याला आणि टूथपिक बारीक ठिपक्याला पुरते. रंगाचा थेंब प्लास्टिकच्या झाकणावर घ्यावा, टोक त्यात टेकवावं आणि नखावर सरळ उभं धरून उचलावं. ओढायचं नाही. तिरक्या पट्ट्यांसाठी सेलोटेप चालते, पण खालचा रंग पूर्ण वाळलेला हवा आणि टेप आधी हाताच्या मागच्या बाजूला एकदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करून घ्यावा. नाहीतर टेपबरोबर खालचा रंगही उचलून येतो. वरचा रंग ओला असतानाच टेप काढली तर कड धारदार येते.

सगळ्यात उठून दिसते ती दोन रंगांची सावली. मेकअपच्या स्पंजच्या तुकड्यावर पिवळा आणि गुलाबी शेजारी शेजारी लावायचा आणि पांढऱ्या थरावर हलक्या हाताने टिपत जायचं. मधे आपोआप केशरी तयार होतो. गुलाबी आणि पोपटी मात्र असे शेजारी घेऊ नयेत, मधला पट्टा चिखलासारखा दिसतो. नखाभोवतीच्या कातडीवर आधी फेविकॉलचा पातळ थर लावून वाळवला की बाहेर गेलेला रंग त्या सालीबरोबर निघतो. आणि ज्यांना काहीच जमत नाही, त्यांनी निऑनवर काळी बारीक रेघ ओढावी. काळ्याशेजारी निऑन दुप्पट भडक वाटतो.

निपाणी भागात घरोघरी हजारी हिशेबावर विड्या वळणाऱ्या बायका आहेत. दिवसभर बोटांची टोकं चालवणाऱ्या हातावर लांब रंगवलेलं नख टिकत नाही आणि कामात आडवंही येतं. कणीक मळणारे, भाकरी थापणारे हातही असेच. तिथं नखं आखूड ठेवून एक ठिपका किंवा कडेला निऑनची पट्टी एवढंच करावं, नाहीतर सगळी हौस पायाच्या नखांवर भागवावी. शाळेत नेलपेंट चालत नसेल तर तोच उपाय मुलींनाही लागू.

आता थोडं सांभाळण्याचं. साध्या नेलपेंटमधले एथिल ॲसिटेट, ब्युटिल ॲसिटेट आणि रिमूव्हरमधलं ॲसिटोन हे पेट घेणारे द्रव आहेत. पेटत्या गॅसजवळ किंवा देवघरातल्या निरांजनाशेजारी बसून हे काम करू नये, खिडकी उघडी असावी. बाटलीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर आणि वापरण्याची मुदत नसेल तर ती स्वस्त असली तरी ठेवून द्यावी.

ऑनलाइन मिळणारे जेल नेलपॉलिशचे दिवा-किट हा मात्र वेगळाच मामला आहे. ते वाळत नाही, दिव्याच्या किरणांनी घट्ट होतं. कच्चं राहिलेलं जेल कातडीला लागत राहिलं तर त्यातल्या मेथाक्रिलेट रसायनांची ॲलर्जी होऊ शकते, आणि ती सहसा जन्मभर राहते. दातांच्या भरावातही याच कुळातली रसायनं वापरतात, म्हणजे त्रास नखापुरता उरत नाही. युरोपीय संघाने 2020 च्या नियमाने यातलं हेमा हे रसायन असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांपुरती मर्यादित केली आणि जेल घट्ट करणाऱ्या टीपीओवर 1 सप्टेंबर 2025 पासून बंदी आणली. घरी हौसेसाठी साधं नेलपेंटच बरं. नखाभोवती खाज, पुरळ किंवा सूज आली तर आधी रंग काढावा आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं.

चंदगड, खानापूर, गडहिंग्लजकडून बेळगावच्या दवाखान्यात ऑपरेशनसाठी येणाऱ्यांनी नेलपेंट घरीच काढून यावं. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचं माप गडद रंगामुळे चुकू शकतं आणि डॉक्टरांना नखाचा मूळ रंगही बघायचा असतो.

काढताना कापूस रिमूव्हरमध्ये भिजवून नखावर दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवावा आणि एका दिशेने ओढावा. खसाखसा घासलं की निऑन सगळ्या बोटाला पसरतो. कातडीवर आधीच खोबरेल तेल लावलेलं असेल तर डाग बसत नाही. रंग खरवडून मात्र काढू नये. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, वरचा पापुद्रा सोलला गेला तर पूर्ण नवं नख यायला सहा महिने जातात. उरलेल्या बाटलीचं तोंड पुसून झाकण घट्ट लावावं आणि ती कपाटात ठेवावी. खिडकीच्या उन्हात ठेवलेला निऑन बाटलीतच विटतो.